रोजा ठेवायचा की नाही, हे ठरवताना आरोग्य केंद्राला विचारतो का?

गेल्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या एका खालांना असरच्या सुमारास दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. घरच्यांना वाटलं, रोजा लागलाय. शेजारच्या मुलीने मशीनवर शुगर पाहिली तर ५२! साखरेचं पाणी पाजल्यावर खाला सावरल्या. मग कळलं, डायबिटीजची सकाळची गोळी त्यांनी नेहमीसारखीच, पण सहेरीला घेतली होती. रोजे ठेवणार हे त्यांनी दवाखान्यात सांगितलं नव्हतं आणि तिथेही कुणी विचारलं नव्हतं.

चूक कुणाची, यापेक्षा आम्हाला मोठा प्रश्न वाटतो तो निर्णयाचा. उपचाराचा निर्णय तीन गोष्टींवर उभा असतो: तपासणी, वैद्यकीय पुरावा आणि रुग्णाचं स्वतःचं आयुष्य. यातली तिसरी गोष्ट कागदावर येतच नाही.

आज गावखेड्यात पहिला निर्णय बहुधा डॉक्टर घेत नाहीत. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली. २०२३ मध्ये त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर हे नाव मिळालं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ बसतात. त्या नर्सिंग किंवा बीएएमएस झालेल्या असतात आणि सहा महिन्यांचा वेगळा अभ्यासक्रम केलेल्या असतात. तिशी ओलांडलेल्यांचं बीपी-शुगर तपासणं, डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधं देणं, गरज पडली तर ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलणं किंवा रुग्णाला पुढे पाठवणं हे त्यांचं काम. कुणाला इथेच सांभाळायचं आणि कुणाला पुढे पाठवायचं, ही जबाबदारी लहान नाही.

आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातला डायबिटीज विचारला जातो. रोजा किंवा उपवास विचारला जात नाही. रमजानचे रोजे असोत की नवरात्राचे उपवास, गोळी तीच आणि जेवणाची वेळ मात्र बदललेली. निर्णय चुकतो तो इथेच.

पुरावा तर जुना आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एपिडायर' या अभ्यासात १३ देशांतले १२ हजारांहून अधिक डायबिटीजचे रुग्ण होते. टाइप-२ च्या रुग्णांत रमजानमध्ये शुगर धोकादायकरीत्या घसरण्याचं प्रमाण साडेसात पटींनी वाढलेलं दिसलं. म्हणून आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत गुण देऊन धोका ठरवतात: ३ पर्यंत कमी, ६ पर्यंत मध्यम, त्यापुढे जास्त. डायबिटीज किती वर्षांचा, इन्सुलिन आहे का, किडनी कशी आहे, याआधी शुगर घसरली होती का, काम अंगमेहनतीचं आहे का, हे सगळं त्यात येतं. शुगर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. बोटातून थेंबभर रक्त काढून तपासल्याने रोजा तुटत नाही, हे उलमाही सांगतात.

यात 'तुम्ही रोजाच ठेवू नका' असं सरसकट सांगणं सोपं आहे. पण असं ऐकलेला माणूस पुढच्या वर्षी न सांगताच रोजा ठेवतो आणि धोका वाढतो. चांगला निर्णय म्हणजे रुग्णासोबत बसून घेतलेला निर्णय. कमी धोका असलेल्याला गोळीची वेळ आणि प्रमाण डॉक्टरांकडून बदलून मिळू शकतं. जास्त धोका असलेल्याला समजावून सांगावं लागतं. आजाऱ्याला सवलत कुरआननेच दिलीय. ती घेणं म्हणजे ईमान कमी होणं नव्हे.

आमची आरोग्य विभागाकडे साधी मागणी आहे. सीएचओंच्या प्रशिक्षणात आणि फॉर्ममध्ये 'उपवास किंवा रोजे ठेवता का?' हा एक प्रश्न घाला. मशिदींच्या जिम्मेदार मंडळींनी शाबानमधल्या एखाद्या जुम्याला हा विषय घ्यावा.

आणि घरच्यांनी? रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी अम्मी-अब्बांना घेऊन केंद्रात जा. गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट सोबत ठेवा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, वाढवूही नका. समोरच्या सिस्टरने विचारलं नाही, तरी तुम्ही सांगा, 'आम्ही रोजे ठेवतो.' त्या एका वाक्यावाचून त्यांचा निर्णय अपुराच राहतो.