चिमणी ठेवली, वाटणी गिळली

सोयाबीनच्या बियाण्याचं उद्या बोलू. आज मुंबईतल्या गिरण्यांच्या जागेवर लिहितोय, आणि जरा तिखट लिहितोय.

काहीजण म्हणतील, दादा, पाटण खोऱ्यात बसून लालबाग-परळची उठाठेव कशाला? आमच्या वाडीतली जुनी बांधीव विहीर दाखवा, तिच्या दगडात गिरणीच्या मनीऑर्डरीचा पैसा निघेल. आमची विहीर वडलांच्या पगारातनं झाली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. माणसं वळकटी बांधून गावाकडं आली आणि आपल्या भात-नाचणीवर तो संप तगला. त्यामुळं त्या जागेवर बोलायचा हक्क आपल्यालाही आहे.

आता नियम बघा. गिरणगावात ५८ गिरण्या, जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जागा विकसित करायची तर तीन वाटे: एक मोकळ्या मैदानासाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. अडाण्यालाही कळेल अशी वाटणी होती. २००१ ला त्यात दुरुस्ती केली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, शेड पाडून जी जागा निघेल ती वाटणीत धरायची नाही.

ज्यानं गिरणी पाहिलीय त्याला यातली मेख लगेच कळेल. विणाईखात्याचे शेड म्हणजे करवतीच्या दात्यासारखं छप्पर, बैठे आणि लांबच लांब पसरलेले. आवारात मोकळं असं उरतं किती? आपल्यात भावाभावांची वाटणी करताना थोरला म्हणाला, की पीक उभं आहे ते सगळं माझं आणि पड पडलंय तेवढं आपण तिघं वाटून घेऊ, तर तलाठ्यासमोर डोकी फुटतील. इथं तेच कायद्यात लिहून घेतलं. २००५ ला उच्च न्यायालयानं पाडलेल्या शेडखालची जागाही वाटणीत धरली होती. २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. निकाल मानावा लागतो, मानतो. पण २००१ ची ती ओळ कोर्टानं लिहिली नव्हती, ती सरकारनं लिहिली.

शहाणपण सांगणारं कुणी नव्हतं असंही नाही. १९९६ ला वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अभ्यासगटानं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांचा अभ्यास केला. एकेक गिरणी सुटी न बघता सगळ्या जागेचा एकत्र आराखडा करा, म्हणजे मैदानं, रस्ते, घरं सलग बसतील, आणि जुन्या चांगल्या इमारती वापरात ठेवा, असा त्यांचा रोख होता. पाणलोटाचं काम एकेका बांधापुरतं करून भागत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. तो अहवाल फडताळात गेला आणि गिरण्या तुकड्यातुकड्यानं विकल्या गेल्या.

आता वारसा म्हणून काय राखतात? कुठं चिमणी, कुठं दगडी भिंत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात वस्त्रसंग्रहालय करायचं ठरलं, चांगलं आहे. पण चिमणीखाली राबणारा माणूस कुठं राहायचा, कुठं जेवायचा, त्याची चाळ, त्याची खानावळ, हे वारशाच्या व्याख्येत धरायला नको का?

इंग्लंडात कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हन हा कथील-तांब्याच्या खाणींचा मुलूख आहे. २००६ ला युनेस्कोच्या यादीत गेला. तिथं नवीन बांधकाम करायचं तर काय बघायचं, याची नियोजनाची लेखी मार्गदर्शिका आहे. आणि जपायच्या गोष्टींत नुसती इंजिनघरं नाहीत. खाणीची वाहतूक, कामगारांच्या वस्त्या, आणि खाणकामगार पोटापुरती कसत होते ते जमिनीचे बारके तुकडेसुद्धा आहेत. म्हणजे कामगाराचं वावर हा उद्योगाच्या इतिहासाचा भाग आहे, हे तिथं कागदावर मान्य केलंय. तिथं सगळं सोवळं आहे असं नाही. हेल गावच्या जुन्या धक्क्यावर युनेस्कोनं हरकत घेऊनही सुपरमार्केट झालंच. पण निदान मोडायला नियम तरी आहे.

एक आक्षेप मला आपल्याच लोकांकडनं ऐकायला मिळतो. वारसा म्हटलं की बंधनं आली, आणि बंधनांनी आपण कावलोय. खरं आहे. कोयनेचं जंगल २०१२ ला पश्चिम घाटाबरोबर त्याच जागतिक यादीत गेलं. जंगलाकडेच्या माणसाला गोठ्याची भिंत उचलायची म्हटलं तरी धाकधूक असते. पण माझा राग बंधनावर नाही, मापावर आहे. डोंगरातल्या गोठ्याला एक माप आणि परळच्या टॉवरला दुसरं, हे कसलं नियोजन?

इमारती ठेवू नका, सगळं पाडून घरं बांधा, असंही काही कामगार पुढारी म्हणतात. मला ते पटत नाही. शेडची दुरुस्ती करून त्यात बाजार भरतो, शाळा भरते, वर्कशॉप चालतं. घरांची जागा शेड राखल्यानं गेली नाही, वाटणीचा नियम बदलल्यानं गेली.

आमच्या वडलांचा घराचा अर्ज आईच्या ट्रंकेत आहे. सोडतीत नंबर लागला नाही, वडील गेले. अशा अर्जांची संख्या लाखाच्या वर आहे. आता शेलू आणि वांगणीची नावं पुढं करतात. परळात घाम गाळला आणि घर कर्जतच्या वाटेवर.

म्हणून सांगतो, गिरण्यांच्या जागेबाबत नियम बदलायचा प्रस्ताव निघाला की हरकती-सूचना मागवतात. मुदत बहुधा महिनाभराची असते आणि गावाकडं कुणाला पत्ता नसतो. त्या वेळी ग्रामसभेचा ठराव करून पाठवा. ठरावात दोनच गोष्टी लिहा: पाडलेल्या शेडखालची जमीन वाटणीत धरा, आणि चाळी-खानावळींना वारशाच्या यादीत घ्या. मसुदा मी लिहून ठेवलाय. ज्यांच्या घरात गिरणीचं जुनं कार्ड किंवा पगाराची पावती आहे त्यांनी मागून घ्या, आणि कागदांच्या झेरॉक्स आत्ताच काढून ठेवा, पावसाळ्यात ट्रंकेला ओल धरते.