बोटांची चूक, जिभेची चूक

१/ इंग्रजी 'जे' हे अक्षर, त्यापुढे एकचा आकडा आणि मग 'झालं का?' समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या मराठी माणसाला याचा उलगडा करून सांगावा लागत नाही. 'जे' अधिक 'वन', म्हणजे 'जेवन'. आजचा धागा या एका 'न'विषयी आहे. चुकीचा शब्द मुद्दाम लिहिण्याची रीत कशी पडते आणि त्या हसण्याची किंमत कोण मोजतो, हा त्याचा विषय.

२/ आधी जगाकडे पाहू. संगणकावरच्या खेळांत प्रतिस्पर्ध्याचा धुव्वा उडवला की त्याला 'ओन' केले असे इंग्रजीत म्हणत. कळफलकावर 'ओ' आणि 'पी' शेजारी असतात. घाईत बोट घसरले आणि 'पी' उमटला. पुढे खेळाडू तो 'पी' हेतुपूर्वक लिहू लागले. शब्दात स्वरच उरला नाही, त्यामुळे तो उच्चारावा कसा यावर वाद झडले. शब्द मात्र टिकला.

३/ दुसरे उदाहरण १८ डिसेंबर २०१३ चे. बिटकॉइनचा भाव कोसळत असताना एका गुंतवणूकदाराने आपण नाणी विकणार नाही, 'होल्ड' करणार, असे जाहीर करताना 'होडल' लिहिले. तो मद्याच्या अमलाखाली होता. मथळा पुन्हा टंकूनही चुकलाच, अशी कबुली त्याने तिथेच दिली. आज 'होडल' हे त्या व्यवहारातले जणू ब्रीद झाले आहे.

४/ ही रीत संगणकाहून जुनी आहे. १८३० च्या दशकात बॉस्टनच्या वृत्तपत्रांत शब्द मुद्दाम चुकीचे लिहून त्यांची आद्याक्षरे छापण्याची टूम निघाली होती. 'ऑल करेक्ट' हे 'ए' आणि 'सी'ऐवजी 'ओ' आणि 'के'ने लिहिले गेले. २३ मार्च १८३९ रोजी 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये त्याचे लघुरूप छापून आले: ओके. अर्धशिक्षितांच्या लेखनाची ती थट्टा होती. आज ती थट्टा कुणाला आठवत नाही.

५/ येथे एक भेद करायला हवा. बोट घसरल्याने झालेल्या चुकीवर हसताना आपण कोणत्याही समूहाला हसत नाही, कारण बोट कुणाचेही घसरते. 'ओके'ची गोष्ट निराळी. तेथे कुणाच्या तरी अशिक्षितपणाची नक्कल होती. आपले 'जेवन' यांपैकी कोणत्या वर्गात बसते?

६/ रोमन लिपीत 'न' आणि 'ण' यांना एकच अक्षर आहे. भ्रमणध्वनीवर 'पानी' म्हणणारा आणि 'पाणी' म्हणणारा, दोघेही रोमनमध्ये एकसारखेच लिहितात. ज्या अक्षरावरून या शहरात माणसाची पारख होत आली, ते अक्षर या कळफलकाने पुसून टाकले होते. एकच्या आकड्याने ते परत आणले. विनोद 'वन' या उच्चारात आहे, आणि तो उच्चार आधीपासून कुणाचा तरी होता.

७/ माझ्या आजीचा, उदाहरणार्थ. आजोबा गिरणीत लागले तेव्हा ती माण तालुक्यातून घोडपदेवला आली. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली, घोडपदेव सुटले नाही आणि 'न'ही सुटला नाही. गेल्या वर्षी ती देवनागरीत टंकायला शिकली. कुटुंबाच्या गटावर तिने पहिलाच संदेश पाठवला: 'जेवन झालं का'. नातवंडांनी हसरे चेहरे धाडले. आजीने नवा विनोद केला, असे त्यांना वाटले. 'यात हसण्यासारखं काय हाय?' असे तिने मला विचारले. त्यानंतर ती गटावर फक्त फुलांची चित्रे पाठवते.

८/ आता शब्दांचा इतिहास पाहा. 'पाणी' हा शब्द संस्कृत 'पानीय'पासून आला आहे. मुळात 'न'च होता, तो प्राकृतात 'ण' झाला. 'चूक' मोजायचीच झाली तर ती 'पाणी' म्हणणाऱ्यांच्या खात्यावर पडेल. अर्थात भाषा अशा हिशेबाने चालत नाही. पण मग तो हिशेब एकाच बाजूकडून का मागावा?

९/ शुद्धतेलाही सनावळी असते. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यापूर्वी 'नाहीं' हे अनुस्वारासह लिहिणे शिष्टसंमत होते. नियमांनंतर तेच अशुद्ध ठरले. नियम निरर्थक आहेत, असे मी म्हणत नाही. हा धागाही त्याच नियमांनी लिहितो आहे. नियम हा करार असतो, आणि कराराला तारीख असते.

१०/ शिवाय सगळ्याच चुका हास्यास्पद ठरत नाहीत. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत आमचे घोडपदेव 'घोरपदेव' होऊन येते. शीवचे 'सायन' झाले, भायखळ्याचे 'बायकला'. परक्या कानांनी आणि परक्या लेखण्यांनी केलेल्या या चुका रेल्वेच्या फलकांवर चढल्या, आणि कुणी हसले नाही. साहेबाची चूक अधिकृत नाव होते, गिरणीकामगाराच्या बायकोची चूक विनोद होते.

११/ जून २०२२ मध्ये सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांचे दूरध्वनीवरील संभाषण सर्वदूर पसरले. 'डोंगार', 'हाटील', 'ओक्के' हे शब्द महाराष्ट्रभर झाले, त्यांवर गाणी निघाली. राजकारण बाजूला ठेवू. अशुद्ध लेखनाच्या थट्टेतून जन्मलेला 'ओके' १८३ वर्षांनी माणदेशी उच्चारात पुन्हा गाजला. काहींनी तो कौतुकाने उच्चारला, काहींनी वेडावून दाखवण्यासाठी. लिहिल्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

१२/ म्हणून माझे मत असे: चुकीतून शब्द घडणे हा भाषेच्या जिवंतपणाचा भाग आहे, ते थांबवू नये. जे१ जरूर लिहा, मीही लिहितो. मात्र बोट घसरणे आणि बोली असणे यांतला फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याला तरी कळावा. पहिली गोष्ट अपघात असते. दुसरीमागे गाव, जात, स्थलांतर आणि पिढ्यांचे बोलणे असते.

१३/ प्रतिसादात तुमच्या घरातले असे शब्द लिहा, ज्यांसाठी शाळेत लाल शाई मिळाली. शब्दापुढे गाव आणि तालुकाही लिहा. तेवढे लिहिले की ती चूक राहत नाही, नोंद होते.