नावात माणूस, अभ्यासक्रमात कुठे?

अल खर्जमधल्या मराठी घरांत मूल बारावीला आलं की एकच विषय निघतो: आता कुठे पाठवायचं? गावात प्रिन्स सत्ताम बिन अब्दुलअझीझ विद्यापीठ आहे, तिथे संगणकशास्त्रही शिकवतात. पण आपल्या बहुतेक मुलांचा रस्ता भारतातच जातो. मग व्हॉट्सॲपवर खासगी विद्यापीठांची माहितीपत्रकं येऊ लागतात. डोळ्यांवर हेडसेट चढवून हवेत हात फिरवणारा हसरा विद्यार्थी, आणि खाली 'इमर्सिव्ह टेक्नॉलॉजी' किंवा 'ह्यूमन सेंटर्ड कम्प्युटिंग'. वाळवंटात राबून साठवलेला पैसा या चित्राकडे बघून लावू नका, एवढंच मला सांगायचं आहे.

विषय खोटा नाही. आयव्हन सदरलँडने १९६८ मध्ये छताला टांगलेला हेडसेट करून दाखवला, तेव्हापासून यावर गंभीर काम चालू आहे. खोटी आहे ती विकण्याची रीत. गूगलचं डेड्रीम २०१६ मध्ये आलं, २०१९ मध्ये बंद झालं. विंडोजचं मिक्स्ड रिॲलिटी २०१७ मध्ये आलं, २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते गुंडाळायचं जाहीर केलं. २०२४ मध्ये होलोलेन्स २ चं उत्पादन थांबलं. चार वर्षांची पदवी आणि त्याआधीच मोडीत जाणारं यंत्र! प्रयोगशाळेत किती हेडसेट आहेत यावरून कॉलेज निवडणारा पालक भंगाराची आगाऊ रक्कम भरतो आहे.

"पण नोकरीसाठी टूल यायलाच हवं ना?" हवंच. मात्र युनिटी किंवा अनरियल चालवण्याची तोंडओळख हुशार मुलगी सहा महिन्यांत घरी बसून करून घेते. उरलेली साडेतीन वर्षं कशासाठी? रेषीय बीजगणितासाठी, संख्याशास्त्रासाठी, डोळा आणि मेंदू कसे फसतात हे समजून घेण्यासाठी. आणि सगळ्यात जास्त, माणसांकडे नीट बघायला शिकण्यासाठी.

हा माणूस शोधायला दूर जायला नको. अल खर्जच्या डेअरी फार्मवर काम करणारा आपला माणूस घ्या. त्याचा व्हिसा, बँक, घरी पैसे पाठवणं, सगळं आता फोनमध्ये आहे. पडद्यावरचं अरबी त्याला वाचता येत नाही, इंग्रजी अडखळत येतं. मग तो फोन शेजारच्या खाटेवरच्या कुणाच्या तरी हातात देतो, पासवर्डसकट, ओटीपीसकट. त्याची सगळी कमाई त्या एका विश्वासावर उभी असते. संगणक माणसासाठी आहे असं म्हणणाऱ्या विषयाचा पहिला धडा इथे आहे. नकाब घातलेल्या किंवा जाड चष्मा लावणाऱ्या बाईला हेडसेट कसा बसणार, हा दुसरा.

असं काम मराठी मुलखात झालेलं आहे, तेही हेडसेटविना. पवईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाइन शिकवलं जातं. तिथे शिकवलेल्या र. कृ. जोशींनी मंगल हा फॉन्ट घडवला. विंडोजवर मराठी वाचणाऱ्या कितीतरी लोकांच्या डोळ्यांत तीच अक्षरं बसली आहेत. तिथेच तयार झालेल्या 'स्वरचक्र' कीबोर्डमध्ये व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडी उमटते. कुणीतरी आधी विचार केला की शाळेत बाराखडी गिरवलेला माणूस अक्षर कुठे शोधेल. मानवकेंद्री संगणन म्हणजे हेच.

म्हणून प्रवेशशुल्क भरण्याआधी कॉलेजला तीन प्रश्न विचारा. पहिल्या वर्षी विद्यार्थी किती खऱ्या वापरकर्त्यांना भेटतात? मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र कोण शिकवतं? मागच्या बॅचने बनवलेलं काय आज कॉलेजबाहेरचं कुणी वापरतं? उत्तरादाखल पुन्हा प्रयोगशाळेचा व्हिडिओ आला, तर साधं संगणकशास्त्र किंवा गणित घ्या. त्यावर पुढे काहीही बांधता येतं. आणि सुट्टीत मूल इथे आलं की त्याला एक दिवस कामगारांच्या कँपवर न्या. फोन कसा वापरला जातो ते बघू द्या. त्याची फी लागत नाही.