झोपाळू कोण?

मंडळी, २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, तेव्हा मुलांच्या झोपेवर केवढी चर्चा झाली! सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, हे आपल्यातल्या कितीतरी आजी-आजोबांना तेव्हा कळलं. चांगलंच झालं. पण मेळघाटातलं मूल वर्गात पेंगतं, तेव्हा ते नुसतं 'आळशी' ठरतं.

यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं. "तिथे कुपोषण आहे, आणि तुम्ही झोपेचं काय घेऊन बसलात?" ऐकायला मोठं कनवाळू वाटतं. पण अहो, शरीरात लोह कमी असलं की काही मुलं रात्रभर पाय झाडतात. टॉन्सिल वाढले की घोरतात, मध्येच श्वास अडकतो. मग दिवसा चिडचिड, अभ्यासात मागे, कधी वाढही खुंटते. आणि घरचे म्हणतात, घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय! झोप आणि पोषण असे दोन वेगळे कप्पे करणार कसे?

धारणीहून अमरावती शंभर किलोमीटरच्या वर. नुसतं विचारायला जायचं तरी आईबापांची मजुरी बुडते. खरं तर या दुखण्याची पुष्कळशी पारख दुरूनही होते. दोन आठवडे झोपण्या-उठण्याची नोंद आणि घोरतानाचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ, एवढ्यावर डॉक्टरांना बरंच समजतं. घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची 'ई-संजीवनी' २०२० पासून आहेच. गावात रेंज नसेल तर आशाताईंनी रेंजमध्ये आल्यावर व्हिडिओ पाठवावा, डॉक्टरांनी सवडीने बघावा. आईशी बोलणं मात्र कोरकूत व्हावं, नाहीतर ती मान डोलावेल आणि समजलेलं काहीच नसेल.

आता सरकारलाही एक सांगणं. फोनवरून टॉन्सिलचं ऑपरेशन होत नाही, रात्रभर झोपेची तपासणीही होत नाही. श्वास अडकताना दिसला की मोठ्या दवाखान्याची तारीख, गाडी आणि भाडं त्याच फोनवर पक्कं झालं पाहिजे. ते होणार नसेल, तर ही दुरून सेवा म्हणजे गरिबाला दूरच ठेवायची सोय!

आणि माझ्या शिक्षक बंधू-भगिनींनो, पेंगणाऱ्या पोराला बाकावर उभं करण्याआधी एकदा जवळ बोलावून विचारा, "बाळ, रात्री झोप लागते का रे?" याला ना रेंज लागते, ना शासनाचा आदेश.