खांद्यावरची सायकल

शर्यत कोणासाठी असते? हा प्रश्न ऐकताच तुम्ही म्हणाल, ‘जिंकणाऱ्यासाठी!’ आपल्या शाळांतील क्रीडास्पर्धा पाहिल्या, तर हे उत्तर खरेच वाटावे. धावणारी तीच दहा-बारा मुले, बक्षिसे घेणारीही तीच. उरलेली शेकडो मुले दोरीपलीकडे उभी राहून टाळ्या वाजवितात. मुख्याध्यापक म्हणून काम करीत असताना त्या दोरीपलीकडच्या मुलांना मी पुष्कळदा विचारीत असे, ‘तू भाग का घेतला नाहीस?’ बहुतेकांचे उत्तर एकच असे : ‘सर, माझा नंबर येणार नाही.’ हातपाय धडधाकट, परंतु मन आधीच हरलेले! माझ्या मते खेळातील सर्वांत मोठी हार हीच होय. कारण ती खेळण्यापूर्वीच पत्करलेली असते.

या दुखण्यावर मला एक गमतीदार औषध सुचते. ‘सायक्लोक्रॉस’ नावाची सायकलींची एक शर्यत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती फ्रान्समध्ये रुजली. असे सांगतात, की हिवाळ्यात रस्त्यांवरील शर्यती थांबल्या म्हणजे तेथील तरुण शेजारच्या गावातील प्रार्थनामंदिराचे शिखर खूण म्हणून धरीत आणि शेते, कुंपणे, ओढे ओलांडून तिकडे सायकली पिटाळीत. १९०२ साली फ्रान्समध्ये या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० साली ‘तूर द फ्रान्स’ ही विख्यात शर्यत जिंकणाऱ्या ऑक्ताव्ह लापीझने आपल्या यशाचे श्रेय हिवाळ्यातील या सरावाला दिले, तेव्हा तिचा लौकिक वाढला. पुढे १९५० साली पॅरिसमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. स्त्रियांची जागतिक स्पर्धा सुरू होण्यास मात्र २००० साल उजाडावे लागले.

‘नाचता येईना अंगण वाकडे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. या शर्यतीत अंगण मुद्दामच वाकडे निवडतात! अडीच-तीन किलोमीटरांचा फेरा असतो; त्यात चिखल, वाळू, गवत, उभा चढ असे सर्व काही असते. वाटेत चाळीस सेंटिमीटरांपर्यंत उंचीच्या आडव्या फळ्या रोवलेल्या असतात. तेथे बहुतेक स्वार खाली उतरतात, सायकल खांद्यावर घेतात, फळ्या ओलांडून धावतात आणि पुन्हा तिच्यावर झेप घेतात. इतर शर्यतींत सायकलीवरून उतरणे म्हणजे कमीपणा. येथे योग्य वेळी उतरणे हीच कला. जी सायकल आपल्याला वाहून नेते, तिला अडचणीच्या जागी आपणही वाहून न्यावे, ही केवढी सुंदर रीत!

परंतु या खेळातील खरी खुबी वेगळीच आहे. ही शर्यत अंतराने नव्हे, तर वेळेने मोजतात. ठरलेली वेळ संपत आली, की पहिल्या स्वाराचा शेवटचा फेरा जाहीर होतो. तो पोहोचला, की मागचे सर्वजण आपापला चालू फेरा पुरा करून थांबतात. कोणाचे सात फेरे होतात, कोणाचे चार. मोठ्या स्पर्धांत फार मागे पडलेल्यांना मध्येच थांबवितात. हौशी, स्नेहाच्या शर्यतींत मात्र त्यांना अखेरपर्यंत खेळू देतात. याचा परिणाम काय होतो? एरवीच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत शेवटचा गडी परततो, तेव्हा मांडव उतरलेला असतो आणि माणसे घरी गेलेली असतात. येथे पहिला आणि शेवटचा थोड्याच अंतराने थांबतात. प्रत्येक फेऱ्याला सर्वजण प्रेक्षकांसमोरून जातात. बेल्जियमसारख्या देशांत लोक गाईंच्या गळ्यातील घंटा वाजवून स्वारांना उत्तेजन देतात, आणि घंटेचा तो नाद शेवटच्यालाही तितकाच ऐकू येतो.

अशी एक साधी, स्नेहाची शर्यत आपल्या वारणानगरात का भरू नये? पाणंदीतील चिखल, ओढ्याची उतरंड, पाटावरची अरुंद वाट यांची आपल्याकडे वाण नाही. आणि ज्या कोल्हापूर जिल्ह्यात तांबड्या मातीत घोळल्याशिवाय मल्ल घडत नाही, तेथील मुलांनी अंगाला माती लागण्याची लाज का बाळगावी? शिवाय वारणानगर हे सहकारावर उभे राहिलेले गाव. तात्यासाहेब कोरे यांनी येथे साखर कारखाना उभारला, तो लहानमोठ्या शेतकऱ्यांना एकत्र आणून. सहकारात ज्याचा ऊस थोडा, त्यालाही एक मत. ज्याचा पुष्कळ, त्यालाही एकच. ज्या मातीत हा विचार रुजला, तेथे चार फेरे करणाऱ्यालाही सात फेरे करणाऱ्याच्या शेजारी मानाची जागा मिळाली पाहिजे.

कोणी म्हणेल, यात सायकलींची नासाडी होईल. काळी चिकण माती चाकात आणि मडगार्डात अडकून चाक फिरेनासे होते, हे तर आपण पावसाळ्यात नित्य पाहतो. त्यावर उपाय सोपा : मडगार्ड काढून ठेवावे आणि शर्यतीनंतर सायकल धुऊन, पुसून, साखळीला तेल द्यावे. कोणी विचारील, ज्यांच्याजवळ सायकलच नाही त्यांनी काय करावे? दोघांनी एका सायकलीवर आळीपाळीने फेरे करावेत. पिकांच्या नुकसानीची भीती मात्र रास्त आहे. म्हणून मालकाच्या परवानगीवाचून कोणाच्या रानात शिरू नये, बांध मोडू नये आणि खोडव्यासाठी राखलेल्या शेतातून चाक नेऊ नये. गळिताच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्यांची वर्दळ असते. तेव्हा शर्यत रस्त्यापासून दूर, पडीक रानात किंवा मैदानात भरवावी. डोक्याला हेल्मेट आणि सोबत वडीलधारी माणसे असावीत. आणि मुलींना पहिल्याच वर्षापासून बोलवावे. जगाला जो उशीर झाला, तो आपण कशाला करावा?

जिंकण्याची इच्छा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. पुढे जाणाऱ्याने जीव तोडून पुढे जावे. त्याशिवाय शर्यतीला रंग नाही. परंतु गावाचे बळ केवळ पहिल्या तिघांवरून मोजता येत नाही. दोरीपलीकडून अलीकडे किती पाय आले, यावरूनही ते मोजावे लागते. आयुष्याची वाटही सर्वत्र डांबरी नसते, मुलांनो. कोठे चिखल लागतो, कोठे आडवी फळी येते. अशा वेळी खाली उतरावे लागले, तर त्यात कमीपणा नाही. सायकल खांद्यावर घ्यावी, पलीकडे जावे आणि पुन्हा स्वार व्हावे. नंबर येवो वा न येवो; आपला फेरा मात्र आपणच पुरा करावा.