शुगर खानदानी, मग खेळ का नाही?

‘गोल्फर्स एल्बो’ असं निदान सांगितलं की पेशंट हमखास हसतात. मूठ आवळणारे आणि मनगट वाकवणारे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूला हाडाला चिकटतात. तिथे पुन्हा पुन्हा ताण आला की हे दुखणं सुरू होतं. ओले कपडे पिळणं, दूध काढणं, दिवसभर पाना-पकड फिरवणं एवढं त्याला पुरतं. म्हणजे गोल्फचं दुखणं बुलढाणा जिल्ह्यात कधीच पोचलं आहे, गोल्फ मात्र नाही. आणि तो यावा असं माझंही म्हणणं नाही. एवढ्या हिरवळीला लागणारं पाणी खारपाणपट्ट्यातल्या माणसाने कुठून आणायचं?

पण त्या खेळातली एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला फार हवीशी वाटते. आजोबा, मुलगा आणि नात तो खेळ एकाच दिवशी, एकाच मैदानावर खेळू शकतात. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे टॉम मॉरिस १८६७ साली, वयाच्या ४६व्या वर्षी ‘ओपन’ स्पर्धा जिंकले. पुढच्याच वर्षी ती त्यांच्या मुलाने जिंकली, १७व्या वर्षी! आपल्याकडे मिल्खा सिंग धावणं थांबल्यावर गोल्फ खेळू लागले, मुलगा जीव व्यावसायिक गोल्फपटू झाला आणि नातूही त्याच मैदानावर उतरला. धावण्यात हे जमलं नसतं. सत्तरीचा बाप विशीच्या मुलाबरोबर चारशे मीटर कसा पळणार?

गोल्फमध्ये हे जमतं ते ‘हँडिकॅप’मुळे. ज्याचा खेळ कच्चा, त्याला ठरावीक फटक्यांची सूट. लहानपणी आपण धाकट्या भावाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घ्यायचो ना, तेच. फक्त इथे मोठ्यांनाही कच्चा लिंबू होण्याची लाज वाटत नाही.

शिवाय चालणं. अठरा होलचा पूर्ण डाव गाडीत न बसता खेळला तर साधारण सहा ते आठ किलोमीटर होतात. लोणारच्या विवराच्या कडेने एक पूर्ण फेरी मारण्याइतकं किंवा थोडं जास्तच. स्वीडनमध्ये सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या, त्याचे निष्कर्ष २००८ साली आले. त्याच वयाच्या आणि तशाच आर्थिक स्तरातल्या इतर लोकांपेक्षा त्यांचा मृत्युदर सुमारे ४० टक्के कमी होता, आणि हा फरक कष्टकरी वर्गातल्या खेळाडूंमध्ये जास्त दिसला. आता लगेच ‘गोल्फ आयुष्य वाढवतो’ असं म्हणू नका. मुळात धडधाकट असलेला माणूसच खेळायला जातो, हेही त्या आकड्यात आहेच.

आता आपल्याकडे या. कबड्डी, कुस्ती, क्रिकेट यांची आवड घराघरात आहे, पण खेळ बहुतेकांचा पंचविशीत सुटतो. नोकरी लागली, लग्न झालं, संपलं. मुलींचा तर त्याआधीच, पाळी सुरू झाली की कुणी न सांगता बंद होतो. यावर मी नुसता नाराज नाही, मला त्याचा राग येतो. कारण चाळिशीत शुगर निघाली की हीच मंडळी सांगतात, “डॉक्टर, आमच्यात खानदानी आहे, बाबांनाही होती.” खरं आहे, टाइप २ मधुमेहात आनुवंशिकता असतेच. पण त्याच घरात जेवणाचं ताटही खानदानी असतं आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसणंही खानदानीच. जनुकं बदलता येत नाहीत, संध्याकाळ बदलता येते.

“शेतात राबतो, अजून खेळ कशाला?” हा प्रश्न येतो. जो खरोखर राबतो त्याला मी खेळायला सांगत नाही, त्याला विश्रांती हवी. पण मोटरसायकलवर बांधापर्यंत जाऊन परत येणं म्हणजे राबणं नव्हे, हे तुम्हालाही माहीत आहे.

श्रावणात गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव ते शेगाव हे अंतर आजी, सून आणि नातवंडं एकत्र चालत जातात. म्हणजे तीन पिढ्यांनी मिळून पाय हलवणं आपल्याला नवीन नाही. फक्त ते वर्षातून एकदा होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही, आठवड्यातून तीन दिवस. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडू नये म्हणून.

माझं मत विचाराल तर बॅडमिंटन घ्या. दोन रॅकेट, एक दोरी, अंगण किंवा शाळेचं मैदान. कोपनहेगनमधल्या एका दीर्घ अभ्यासात (२०१८) टेनिस, बॅडमिंटन खेळणाऱ्यांचं आयुर्मान एकट्याने जिममध्ये जाणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त आढळलं. सोबतीने खेळण्याचा त्यात वाटा असावा, असा संशोधकांचा अंदाज होता. गावात व्हॉलीबॉलचं नेट असेल तर तेही चालेल, रविवारी ते थोडं खाली बांधा. आजोबांना पाच गुणांची सूट द्या, आईला जोडीत घ्या. सूट देताना हसू नका, एवढंच.

सुरुवात करण्याआधी थोडं बघा. चालताना छातीत दाब किंवा धाप जाणवत असेल, बीपी आटोक्यात नसेल, तर आधी तपासून घ्या. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांची शुगर खेळताना एकदम उतरू शकते. घाम, थरथर, गरगर वाटलं तर थांबायचं आणि साखर खायची, म्हणून खिशात साखर ठेवा. पायांना बधिरपणा असेल तर अनवाणी अजिबात नाही, आणि खेळून आल्यावर तळवे रोज बघायचे. एप्रिल-मे महिन्यात सकाळी आठच्या आत आटपा.