जर्सीवरचे खनिज

गोव्यातील प्रेक्षक ‘धेंपो’, ‘साळगावकर’ असा गजर करत, तेव्हा ते खाणमालक घराण्यांचीच नावे घेत असत. त्यात कुणाला वावगे वाटले नाही. पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवणाऱ्या धेंपो क्लबचा अभिमान गोव्याने का बाळगू नये? पण 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणपट्ट्यांची मुदत नोव्हेंबर 2007 मध्येच संपल्याचे सांगून त्यानंतरचे उत्खनन बेकायदा ठरवले. पुरस्कर्त्याचा पैसा येतो कुठून, हा प्रश्न मग चाहत्यालाही टाळता येत नाही.

विजय खेळाडूंचे, ते मलिन होत नाहीत. मला खटकते ते चाहत्याचे परावलंबन. 2016 मध्ये महासंघाच्या धोरणाला विरोध म्हणून हे दोन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. विरोध रास्तही असेल, पण निर्णय मालकांचा होता. गॅलरीला कोण विचारतो?

आता आमच्या शेजारी, एटापल्ली तालुक्यात, सुरजागडचे लोहखनिज निघते आहे. उद्या त्या पैशातून संघ उभा राहिला, तर आमची पोरे खेळतील, आम्ही टाळ्याही वाजवू. मात्र जर्सी अंगात घातल्यावर जंगलाविषयी, धुळीविषयी, जड ट्रकांविषयी बोलायची मुभा उरेल की नाही, एवढे गावाने आधीच विचारून घ्यावे.